कुणकेश्वर : गाय की गलबत?

प्रश्न : देवगडजवळच्या कुणकेश्वर या शिवमंदिराच्या दोन कथा ऐकल्या. एकीत पान्हा सोडणारी गाय, दुसरीत वादळात सापडलेला परदेशी व्यापारी. खरी कुठली धरायची?

उत्तर : दोन्ही धरा, त्या वेगळ्या गोष्टी सांगतात. गाय दगडावर दूध सोडते, धनी चिडून घाव घालतो, दगडातून रक्त येतं : ही पिंडी स्वयंभू कशी, याची कथा. कोकणात ती बऱ्याच देवळांची आहे. व्यापाऱ्याची मात्र खास इथली. किनाऱ्यावरचा दिवा बघून त्याने नवस बोलला, वाचल्यावर देऊळ बांधलं. पण परधर्माचं देऊळ बांधल्यामुळे आता आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत, म्हणून शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळचं थडगं त्याचंच म्हणतात. जाल तेव्हा तेही आवर्जून बघा. किनाऱ्याच्या खडकांत कोरलेल्या पिंडींसाठी ओहोटीच गाठावी लागते. शेवाळावर पाय सरकतो, जपून.