चॅनेल कुणाच्या बाजूचं, यापेक्षा काम कोणत्या डेस्कवरचं ते बघा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीची पत्रकारितेची पदवी मे महिन्यात पूर्ण होतेय आणि तिच्यापुढे दोन नोकऱ्या आहेत. एक न्यूयॉर्कमधल्या मोठ्या केबल न्यूज नेटवर्कवर, रात्रीच्या चर्चेच्या कार्यक्रमात प्रॉडक्शन असिस्टंटची. दुसरी ओहायोतल्या लहान शहरात, स्थानिक टीव्ही स्टेशनवर बातमीदाराची. घरात मी एक चॅनेल लावतो, ती दुसरं, आणि जेवताना रोज खडाजंगी होते. हे सगळे विकले गेलेत असं माझं मत झालंय. तिने लॉ स्कूलला जावं असं मला वाटतं. पत्नी म्हणते, न्यूयॉर्कचं नाव सोडू नये. काय करावं?

उत्तर : नमस्कार. लॉ स्कूलचा विषय आधी संपवू. मुलीला वकिली करायची आहे, असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. टीव्हीवरच्या अँकरचा राग येतो म्हणून तिला तिच्या वाटेवरून वळवणं मला पटत नाही. पुढे तिला स्वतःला वाटलं, तर दोन-तीन वर्षांच्या बातमीदारीने लॉ स्कूलचा दरवाजा बंद होत नाही.

तुमचा राग मात्र खोटा नाही. फक्त ‘विकले गेलेत’ म्हटलं की कुणीतरी वरून आदेश देतो आणि खाली सगळे माना डोलावतात, असं चित्र उभं राहतं. केबल न्यूजमध्ये मोठं दडपण प्रेक्षकाकडून येतं. कोणत्याही ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वी तुमच्या मुलीने हे नीट समजून घ्यायला हवं.

सीएनएन १९८० मध्ये सुरू झालं तेव्हा चोवीस तास बातम्या हीच नवलाई होती. १९९६ मध्ये जुलैत एमएसएनबीसी आणि ऑक्टोबरमध्ये फॉक्स न्यूज आलं, आणि २००२ च्या सुरुवातीला फॉक्सने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकलं. दोन्ही बाजू दाखवण्याचा सरकारी नियम १९८७ मध्ये रद्द झाला म्हणून हे सगळं बिघडलं, असं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. तो नियम हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या स्टेशनांसाठी होता. केबल चॅनेल त्याच्या कक्षेत नव्हतीच.

खरं कारण पैशाच्या गणितात आहे. ही चॅनेल दोन ठिकाणांहून कमावतात. जाहिरातींचे दर प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांवर ठरतात, त्यातही २५ ते ५४ वयाचा प्रेक्षक किती, यावर. दुसरा भाग केबल कंपनीकडून दर घरामागे मिळणाऱ्या शुल्काचा. म्हणजे तुमच्या घरच्या बिलातून तुमच्या आवडत्या चॅनेलला पैसे जातात, आणि मुलीच्या चॅनेललाही. एखादं चॅनेल पॅकेजमधून काढलं तर किती ग्राहक फोन करून भांडतील, यावर त्या शुल्काची घासाघीस होते. त्यामुळे थोडं थोडं सगळ्यांना आवडण्यापेक्षा थोड्यांना अतोनात आवडणं परवडतं. असा प्रेक्षक रुसला की काय होतं, ते २०२० मध्ये दिसलं.

त्या वर्षी ३ नोव्हेंबरला, अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री ११.२० वाजता, फॉक्सच्या डिसिजन डेस्कने, म्हणजे मतमोजणीचे आकडे तपासून कोण जिंकलं ते ठरवणाऱ्या गटाने, ॲरिझोना राज्य ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी बायडन यांच्या खात्यात टाकलं. काही तासांनी एपी या वृत्तसंस्थेनेही तेच जाहीर केलं, बाकीची नेटवर्क कित्येक दिवस थांबली. निर्णय घाईचा होता अशी टीकाही झाली, पण शेवटी बायडन तिथे १०,४५७ मतांनी जिंकले. फॉक्सचा बहुतांशी ट्रम्पसमर्थक प्रेक्षक मात्र बिथरला आणि त्यातला काही न्यूजमॅक्स या ट्रम्पधार्जिण्या चॅनेलकडे वळला. मग चॅनेलवर मतदान यंत्रांबद्दलचे बिनबुडाचे आरोप पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले. ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने खटला भरला, तेव्हा आतले मेसेज उघडे पडले. फॉक्सच्याच जॅकी हाइनरिक या बातमीदाराने ट्रम्प यांच्या एका ट्वीटमधली चूक दाखवली, तर कंपनीच्या शेअरचा भाव पडतोय असं सांगत फॉक्सचे स्टार अँकर टकर कार्लसन तिला काढून टाका म्हणत होते. जानेवारी २०२१ मध्ये राजकीय संपादक ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी गेली. ॲरिझोनाच्या निर्णयाचं त्यांनी जाहीर समर्थन केलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८.७५ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण नोकरी शोधणाऱ्या माणसाला यात बरंच सापडतं. आकडे तपासणारी माणसं आणि खोटं पसरवू देणारे कार्यक्रम एकाच चॅनेलवर होते. बरोबर काम केल्याबद्दल नोकरी जाऊ शकते, हेही खरं आणि टिकता येतं, हेही खरं: हाइनरिक पुढे त्याच चॅनेलसाठी व्हाइट हाउसची बातमीदारी करू लागल्या.

दुसऱ्या बाजूची चॅनेल धुतल्या तांदळासारखी आहेत असं तुमच्या मुलीला वाटत असेल, तर तिला सीएनएनचे अँकर क्रिस क्युओमोंची आठवण करून द्या. न्यूयॉर्कचा गव्हर्नर असलेल्या सख्ख्या भावाची मुलाखत घ्यायला सीएनएनने त्यांना मनाई केली होती. २०२० च्या वसंतात ती मनाई बाजूला ठेवून दोघा भावांच्या गप्पा रात्रीच्या कार्यक्रमात रंगल्या. पुढे भावावर लैंगिक छळाचे आरोप झाले, क्युओमो पडद्याआडून त्याला मदत करत असल्याचं बाहेर आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये सीएनएनला त्यांना काढावं लागलं.

ब्रुकमन आणि कॅला या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये फॉक्सच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला १५ डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. कोविडसारख्या विषयांवरची त्यांची माहिती आणि काही मतं बदलली, कारण आपलं चॅनेल काय दाखवतच नव्हतं ते त्यांना कळलं. पैसे थांबल्यावर ते आपल्या चॅनेलकडे परतले आणि बदल बराचसा विरून गेला. काय दाखवायचं हा निर्णय रोज सकाळच्या बैठकीत होतो, आणि त्या बैठकीत कुणाचं ऐकलं जातं, ते मुलीने शोधायचं आहे.

माझा सल्ला ओहायो. न्यूयॉर्कच्या जागेचं काम चर्चेच्या कार्यक्रमातलं आहे. पाहुणे गाठा, जुन्या क्लिप शोधा, काल रेटिंग कुठे चढलं ते बघून आज तोच विषय पुन्हा घ्या. पदवी ताजी असताना याची सवय लागली की सुटायला वेळ लागतो. त्याच नेटवर्कने असाइनमेंट डेस्क (कोणती बातमी कुणी करायची ते ठरवणारा विभाग) किंवा बातम्या गोळा करणाऱ्या विभागात जागा दिली, तर माझं उत्तर बदलेल, म्हणून तिने तसं सरळ विचारावं. मोठ्या नावालाही आता पूर्वीची शाश्वती नाही. केबल सोडणारी घरं वाढताहेत. एमएसएनबीसी तर एनबीसीची मालक असलेल्या कॉमकास्टने वेगळं काढलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं नाव एमएस नाऊ झालं आणि एनबीसीच्या बातमीदारांचा आधारही गेला.

ओहायोत ती स्वतः कॅमेरा लावेल, एडिट करेल, स्कूल बोर्ड आणि कोर्ट कव्हर करेल. नाव चुकलं तर दुपारी फोन येईल. पगार बेताचा असेल, पहिलं वर्ष तुम्हाला थोडा हात द्यावा लागेल, तो द्या.

पण त्या स्टेशनचा मालक कोण, हे आधी बघा. २०१८ मध्ये अनेक स्थानिक स्टेशनांची मालक असलेल्या सिंक्लेअर कंपनीने आपल्या डझनावारी स्टेशनांवरच्या अँकरना एकच मजकूर शब्दशः वाचायला लावला होता. तेव्हा मुलाखतीत तिने विचारावं: मुख्यालयाकडून येणारा, दाखवलाच पाहिजे असा मजकूर किती असतो? माझी स्क्रिप्ट प्रसारणापूर्वी कोण वाचतं? चूक झाली तर दुरुस्ती कुठे आणि कशी देता? शेवटच्या प्रश्नाला न्यूज डायरेक्टर गडबडला, तर तिथे जाऊ नये.

आणि करार वकिलाला दाखवा. लहान स्टेशनं साधारण दोन-तीन वर्षांचा करार करतात, मध्येच सोडल्यास भरपाई मागतात, आणि शेजारच्या स्टेशनवर काही महिने काम न करण्याची अटही घालतात. भरपाईची रक्कम दर वर्षी कमी होत जाईल असं लिहून मागा. सही करण्यापूर्वी मागितलं तर बऱ्याचदा मिळतं.