ईसीएम गेला म्हणण्याआधी

यंदाच्या पावसाळ्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत : गाडी सुरू होत नाही आणि मेस्त्री ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोल मॉड्यूल, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलायला सांगतात. त्यांतली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

खानापूरहून एका वाचकाचा प्रश्न : सात वर्षांची डिझेल गाडी आहे. जांबोटीच्या रस्त्यावर भर पावसात फिरली, दोन दिवस अंगणात उभी होती. आता सेल्फ फिरतो, पण इंजिन घेत नाही. चेक इंजिनचा दिवासुद्धा लागत नाही. ईसीएम गेला असं सांगताहेत. खरंच गेला हे कसं ओळखायचं?

उत्तर : चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. तो लागत नाही याचा अर्थ ईसीएम जागा झालेला नाही, एवढाच. तो मेला असेल किंवा त्याच्यापर्यंत करंट पोचत नसेल. पावसात भिजलेल्या गाडीत दुसरी गोष्टच जास्त वेळा निघते, म्हणून नवीन ईसीएमची ऑर्डर देण्याआधी पुढची तपासणी त्याच क्रमाने करून घ्या.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढे जा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलात शोधा. मग ईसीएमचे फ्यूज आणि मेन रिले, म्हणजे ईसीएमला करंट देणारा स्विच. रिलेवर शंका असेल तर त्याच बॉक्समधला त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. मात्र मेन रिले बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्वतःच ओढतो, त्यामुळे ‘टक्’ आवाज आला नाही म्हणून दोष रिलेचाच, असं समजू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच वगळली जाते. इग्निशन बंद करून ईसीएमचा कपलर (वायरींचा प्लग) काढा आणि आतल्या पिना उजेडात बघा. रबरी सील ओलं आहे का? पिनांच्या मुळाशी हिरवट पूड साठली आहे का? तांब्याच्या भांड्यावर येतो तसा तो कळंक असतो. वरून वायर धडधाकट दिसते आणि आतली तार खाऊन एक-दोन धागेच उरलेले असतात. अशा वायरीला मीटर लावला तरी तो १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. म्हणून इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावून तपासा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख लागला तर वायर खरी, मंद लागला तर वायर खाल्लेली. कायम करंटची पिन आणि इग्निशनची पिन कपलर काढून तपासता येतात. मेन रिलेकडून येणारी वायर तपासायला रिले काढून त्याच्या सॉकेटातल्या ३० आणि ८७ या पिना फ्यूज लावलेल्या वायरीने जोडाव्या लागतात. कोणती पिन कशाची, हे त्याच मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरून बघा, अंदाजाने नको. आणि बल्ब फक्त करंट व अर्थिंगच्या वायरींना लावा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या पिनेला लावला तर चांगला ईसीएमही जाईल.

अर्थिंगसाठी कपलर परत लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं कपलरच्या मागून अर्थिंगच्या पिनेवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर बॉडीवरचा अर्थिंगचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

करंट आणि अर्थिंग ठीक असेल तर सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट बघा. ते शून्य किंवा एक-दोनच असतील तर सेन्सरांचे कपलर एकेक करून काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे. एवढ्या एका शॉर्टमुळे अख्खा ईसीएम गप्प बसू शकतो. शेवटी बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटातल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर कॅनची, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती लाइन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

हे सगळं बरोबर निघून ईसीएम तरीही बोलत नसेल तर मात्र तो गेला, असं म्हणता येईल. इतर मॉड्यूलमध्ये यू०१०० हा कोड दिसला तर ‘ईसीएम उत्तर देत नाही’ एवढंच कळतं. पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड आतल्या बिघाडाकडे बोट दाखवतात, पण बॅटरी उतरलेली असतानाही ते पडू शकतात. बॅटरी भरून कोड पुसा आणि परत येतात का ते बघा.

कळंक निघाला तर काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि मऊ ब्रश वापरा. पिनांना पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघाला की चार महिन्यांत पुन्हा कीट धरतो.

निपाणीहून : नवीन ईसीएम बसवला, तोही पंधरा दिवसांत गेला. माल खराब निघाला का?

उत्तर : मालापेक्षा कारण तपासा. पहिला ईसीएम कशाने मेला हे न शोधता दुसरा बसवला की तोही त्याच वाटेने जातो. इंजेक्टर किंवा इग्निशन कॉइल आतून शॉर्ट झाली की ईसीएममधला तिला चालवणारा भाग जळतो. पेट्रोल गाडीचा इंजेक्टर बहुधा १२ ते १६ ओहम दाखवतो. डिझेलच्या सोलेनॉइड इंजेक्टरला एक ओहमहूनही कमी असतात आणि साधा मीटर तिथे नेमकं सांगत नाही, म्हणून चारही एकमेकांशी ताडून बघा. एखादा वेगळा पडला की तोच संशयित. इंजेक्टरची पिन आणि त्याची धातूची बॉडी यांत मात्र मीटरने जोडणी दाखवता कामा नये. इंजिन चालू असताना डिझेल इंजेक्टरच्या कपलरला हात लावू नका, तिथे ६० व्होल्टच्या वर झटका असतो.

आल्टरनेटरही बघा. हजार-दीड हजार आरपीएमवर, हेडलाइट लावून, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १५ च्या वर जात असतील तर रेग्युलेटर गेला आहे. बॅटरीची क्लॅम्प ढिली असेल तर चालत्या गाडीत ती क्षणभर सुटली तरी मोठा झटका बसतो. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर इंजेक्टरच्या वायरी जिथे कापून जोडल्या आहेत त्या जागा उघडा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड हेच दुखणं असतं. तो सोल्डर करून हीट श्रिंक नळीने झाका.

संकेश्वरहून : बॅटरी उतरली म्हणून उसाच्या ट्रकवरून जम्प दिला. तेव्हापासून गाडी मेली.

उत्तर : बऱ्याच मोठ्या ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कारला ते चालत नाहीत. घाबरून ईसीएमची ऑर्डर देऊ नका. आधी मेन फ्यूज आणि आल्टरनेटर बघा. बऱ्याच ईसीएममध्ये जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवणारा एक डायोड असतो. तोच गेला असेल तर बोर्ड उघडून काम करणारा चांगला कारागीर तो बदलून देतो आणि इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, भानगडच उरत नाही.

चिकोडीहून : जुन्या बाजारात अगदी माझ्याच मॉडेलचा ईसीएम स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

उत्तर : मॉडेल एकच असणं पुरेसं नाही. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बीएस-४ आणि बीएस-६, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, यांचे ईसीएम दिसायला सारखे असले तरी वेगळे असतात. नंबर जुळला तरी तो दुसऱ्या गाडीच्या चावीशी बांधलेला असतो. नुसता बसवला तर सेल्फ फिरेल, इंजिन सेकंदभर घेईल आणि बंद पडेल, किंवा घेणारच नाही.

दोन मार्ग आहेत. तुमच्या जुन्या ईसीएममधला डेटा वाचून त्यात उतरवणं, ज्याला क्लोनिंग म्हणतात. नाहीतर इमोबिलायझरशी नव्याने जोडणी, जी काही मॉडेलांत वापरलेल्या ईसीएमवर होतच नाही. म्हणून बंद पडलेला ईसीएम कुणाला बदल्यात देऊन टाकू नका. क्लोनिंग करणाऱ्याकडून ‘गाडी सुरू झाल्यावर पैसे’ असं आधीच ठरवून घ्या. आणि विकणाऱ्याकडून बिल मागा. ज्या भंगार गाडीतून तो निघाला तिचा पत्ता नसेल तर घेऊ नका, चोरीचा माल असला तर निस्तरावं तुम्हालाच लागेल.

बेळगावहून : नवीन ईसीएम घरी बसवता येईल का?

उत्तर : बसवणं सोपं आहे, जुळवणं नाही. जुना ईसीएम अजून बोलत असेल तर आधी स्कॅनरने त्यातला चेसिस नंबर, इंजेक्टरचे कोड आणि इतर सेटिंग वाचून ठेवा. डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर स्वतःचा कोड कोरलेला असतो. कपलर काढल्याशिवाय तो नीट दिसत नाही, तेव्हा चारही सिलिंडरप्रमाणे फोटो काढून ठेवा. हे कोड नव्या ईसीएममध्ये घातले नाहीत तर इंजिन खडखडतं, धूर सोडतं आणि आयडलवर थरथरतं.

मग चावी काढा, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि दहा मिनिटं थांबा. ईसीएमला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. कपलरची लॉकपट्टी पूर्ण उघडल्याशिवाय ओढू नका. बसवताना ती शेवटपर्यंत ‘कट्’ वाजेपर्यंत गेली पाहिजे, अर्धवट बसलेल्या कपलरात पाणी शिरतं.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरीला साधा चार्जर चालत नाही. साडेतेराच्या आसपास स्थिर व्होल्ट देणारा सपोर्ट सप्लाय लागतो, कारण सॉफ्टवेअर भरताना करंट डगमगला तर नवा ईसीएम तिथल्या तिथे निकामी होऊ शकतो. तुमच्याकडे वीज ये-जा करत असेल तर हे काम इन्व्हर्टर किंवा जनरेटर असलेल्या ठिकाणीच करून घ्या. त्यानंतर चाव्या शिकवणं आणि पेट्रोल गाडीत थ्रॉटलचं लर्निंग, म्हणजे हवेच्या झडपेची जागा ईसीएमला शिकवणं. घरात दोन चाव्या असतील तर दोन्ही घेऊन जा. काही गाड्यांत नवी जोडणी करताना समोर नसलेली चावी बाद होते.