४ व्हीट. ३१६ की १७ यू.एस. ३१६? खटला एकच, पण त्या पानावर बोलतंय कोण ते आधी बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी : एलएल.एम.चा प्रबंध, कर लावण्याच्या सत्तेवरचं प्रकरण, त्यात मॅकलक विरुद्ध मेरीलँडचा दाखला, म्हणजे राज्याने बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सवर लावलेल्या कराचा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयातला जुना खटला. तीन भारतीय निकालांत तीन संदर्भ सापडले, ४ व्हीट. ३१६, १७ यू.एस. ३१६ आणि ४ एल. एड. ५७९ (आधी खंड, मग मालिकेचं नाव, मग पान; व्हीट. म्हणजे व्हीटन, यू.एस. म्हणजे यू.एस. रिपोर्ट्स, एल. एड. म्हणजे लॉयर्स एडिशन). तुम्ही खटल्यांच्या यादीत तीन नोंदी केल्या, गाइडनी दोन खोडल्या. शिवाय ‘कर लावण्याच्या सत्तेत नष्ट करण्याची सत्ता येते’ हे सरन्यायाधीश मार्शल यांचं वाक्य तुम्ही पान ३२७ चं म्हणून दिलं, त्यावर ‘पान तपासा’ असा शेरा आला. तुम्ही तपासलंत, वाक्य ३२७ वर आहे. मग चुकलं काय?

पान बरोबर आहे, माणूस चुकलाय. ३२७ वर मार्शल बोलतच नाहीत. तिथे बँकेचे वकील डॅनियल वेबस्टर यांचा युक्तिवाद चालू आहे. त्यांचं वाक्य नीट वाचा : ‘अमर्याद’ कर लावण्याच्या सत्तेत नष्ट करण्याची सत्ता ‘अपरिहार्यपणे’ येते. मार्शल यांनी निकालात हीच कल्पना उचलली, पण ‘अमर्याद’ हा शब्द गाळून, आणि ती आहे पान ४३१ वर. शंभरावर पानांचं अंतर आणि एका विशेषणाचा फरक. तुमच्या प्रकरणाचा विषयच कर लावण्याच्या सत्तेची मर्यादा हा असेल, तर त्या विशेषणाने सगळा मुद्दाच फिरतो.

याच सापळ्यात माझं एक टिपण छापून गेलं होतं, म्हणून हा लांबलचक प्रपंच. ज्या डेटाबेसवरून मजकूर घेतला होता (नाव घेत नाही) त्यांच्या मदतकक्षाला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा एकच उत्तर : ‘मजकूर मूळ खंडाशी पडताळलेला आहे.’ होताच पडताळलेला! फक्त वकिलांचे युक्तिवाद कुठे संपतात आणि निकाल कुठे सुरू होतो हे दाखवणारं शीर्षक उडालं होतं, आणि सगळा मजकूर एका दमात, एकाच टायपात ओतलेला होता. असो.

तर एकोणिसाव्या शतकातला रिपोर्ट हातात घेताना डोक्यातून आजचा निकालपत्राचा नमुना काढून टाका. ते रिपोर्टर नावाच्या माणसाने संपादित केलेलं पुस्तक आहे. आधी त्याने काढलेलं सार, मग त्याने लिहिलेली हकिकत, मग दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद, आणि त्यानंतर कधीतरी न्यायालय तोंड उघडतं. मॅकलकमध्ये खटला ३१६ वर सुरू होतो, मार्शल बोलायला लागतात ४०० वर. गिबन्स विरुद्ध ऑग्डेन (२२ यू.एस., म्हणजे ९ व्हीटन) पान १ वर सुरू होतो आणि निकाल १८६ वर. आधीच्या १८५ पानांतलं काहीही उचललंत तरी ते न्यायालयाचं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक खटल्यासाठी ‘डिलिव्हर्ड द ओपिनियन ऑफ द कोर्ट’ (अमुक न्यायमूर्तींनी न्यायालयाचा निकाल दिला) ही ओळ शोधा आणि ती ज्या पानावर आहे तो आकडा आपल्या टिपणवहीत संदर्भाशेजारी लिहून ठेवा. त्याहून लहान पानाचा दाखला दिसला की लाल खूण. ही युक्ती मार्शलपूर्व काळात मात्र चालत नाही, कारण तेव्हा न्यायमूर्ती एकेक करून आपापलं मत वाचत. चिझम विरुद्ध जॉर्जिया (२ डॅलस ४१९, १७९३) मध्ये सगळ्यांत आधी, ४२९ वर, आयर्डेल यांचं मत छापलंय, आणि ते आहे विरोधी मत! मार्शलनंतरही असं घडतं : ड्रेड स्कॉट खटल्यात (६० यू.एस., १९ हॉवर्ड ३९३) नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी लिहिलं, सरन्यायाधीश टॉनी ३९९ पासून, आणि प्रकरण संपतं ६३३ वर. तिथे पानाबरोबर न्यायमूर्तींचं नावही कंसात द्या, नाहीतर पुढचा वाचक बिचारा शोधत बसेल.

रिपोर्टरच्या हातात केवढी ताकद होती याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सांता क्लारा काउंटी विरुद्ध सदर्न पॅसिफिक (११८ यू.एस. ३९४, १८८६). अमेरिकी घटनेची चौदावी दुरुस्ती (कायद्याचं समान संरक्षण देणारी) कंपन्यांना लागू आहे, त्यावर युक्तिवाद ऐकायचाच नाही, असं सरन्यायाधीश वेट सुनावणीआधी म्हणाले. बॅनक्रॉफ्ट डेव्हिस या रिपोर्टरने ते पान ३९६ वर नोंदवलं आणि हेडनोटमध्येही, म्हणजे वर छापलेल्या आपल्या सारातही, घातलं. हार्लन यांनी लिहिलेल्या निकालात त्या मुद्द्यावर निर्णय दिलेलाच नाही. तरी पुढे पिढ्यान् पिढ्या ‘न्यायालयाने ठरवलं’ म्हणून तो खटला दाखवला गेला. हेडनोट हा निकालाचा भाग नव्हे, असं त्याच न्यायालयाने पुढे १९०६ मध्ये डेट्रॉइट टिंबरच्या खटल्यात (२०० यू.एस. ३२१) बजावलं. प्रबंधात हेडनोट उद्धृत करू नका, कधीच. माझं हे मत जरा कडक आहे, पण बदलणार नाही.

आता तुमच्या तीन नोंदी. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे पहिले ९० खंड रिपोर्टरच्या नावाने ओळखले जात (व्हीटन हा त्यांतलाच एक), कारण सुरुवातीला तो खासगी धंदाच होता. डॅलस आणि क्रँच यांना सरकारचा पगार नव्हता, व्हीटनला १८१७ च्या कायद्याने वर्षाला १००० डॉलर मिळू लागले. १८७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) छपाईसाठी पैसे मंजूर केले, पुढच्या खंडांवर यू.एस. रिपोर्ट्स म्हणून ९१ पासून आकडे आले आणि मागच्या ९० खंडांनाही सलग क्रमांक लागले. म्हणून दुहेरी आकडे. रिपोर्टरच्या खंडाच्या आकड्यात किती मिळवलं की यू.एस.चा खंड येतो, ती बेरीज पाठ करा, कोष्टक शोधायला नको. डॅलसला काहीच मिळवायचं नाही (१ ते ४), क्रँचमध्ये ४ मिळवा, व्हीटनमध्ये १३, पीटर्समध्ये २५, हॉवर्डमध्ये ४१, ब्लॅकमध्ये ६५, वॉलेसमध्ये ६७, ऑटोमध्ये ९०. ४ व्हीटन म्हणजे ४ अधिक १३, म्हणजे १७. पान तेच राहतं. १०८ पासून डेव्हिस, आणि तिथे नुसता यू.एस.चा आकडा. ऑटोच्या १७ खंडांना (९१ ते १०७) कंसात नाव देण्याची पद्धत आज नाही, जुन्या निकालांत दिसलं तर ओळखता यावं एवढंच.

४ एल. एड. मधला ४ मात्र व्हीटनचा ४ नव्हे, तो निव्वळ योगायोग. लॉयर्स एडिशन हे रॉचेस्टरच्या एका कंपनीने १८८२ पासून काढलेलं पुनर्मुद्रण आहे, त्याचे खंड वेगळे, पानं वेगळी. तुमच्यासारखे गोंधळ बहुतेक इथेच होतात, कारण आपल्याकडच्या निकालांत एल. एड.चे संदर्भ सर्रास येतात. आणखी एक : सुप्रीम कोर्ट रिपोर्टर (एस. सीटी.) १८८२ च्या ऑक्टोबर टर्मपासून (टर्म म्हणजे न्यायालयाचं सत्र) सुरू होतो. त्याआधीच्या खटल्यापुढे एस. सीटी. दिसलं तर ती नोंद डोळे मिटून चुकीची समजा.

बेरीज सोपी आहे, पण नाव नक्की कोणाचं ते आधी पाहा. १ डॅलसमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एकही निकाल नाही, सगळे पेनसिल्व्हेनियाचे. २, ३ आणि ४ मध्येही त्या राज्याची न्यायालयं मिसळलेली आहेत. ‘हॉवर्ड’ मिसिसिपीचाही आहे आणि न्यूयॉर्कचे हॉवर्ड्स प्रॅक्टिस रिपोर्ट्सही आहेत. ‘क्रँच सी.सी.’ म्हणजे कोलंबिया डिस्ट्रिक्टचं सर्किट कोर्ट (खालचं संघीय न्यायालय), तिथे ४ मिळवलंत तर भलत्याच खंडात जाल. ‘वॉल. ज्यु.’ म्हणजे तिसरं सर्किट. कॉरफील्ड विरुद्ध कॉरिएल (१८२३) सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी, बुशरॉड वॉशिंग्टन यांनी दिला, पण सर्किटवर बसून, म्हणून तो यू.एस. रिपोर्ट्समध्ये नाही, फेडरल केसेस या खालच्या संघीय न्यायालयांच्या जुन्या निकालांच्या संग्रहात ३,२३० क्रमांकाला आहे. (राज्यांकडेही असंच आहे : मॅसॅच्युसेट्समध्ये मेटकाफच्या खंडात ४१ मिळवा. कॉमनवेल्थ विरुद्ध हंट, ४ मेट. १११, म्हणजे ४५ मॅस. १११.)

सालाचा घोळ तुम्ही विचारला नाहीत, पण परीक्षक विचारतील. जुन्या खंडांच्या कपाळावर टर्म असते, निकालाची तारीख नव्हे. ड्रेड स्कॉट डिसेंबर टर्म १८५६ चा, निकाल ६ मार्च १८५७ चा. मन विरुद्ध इलिनॉय (९४ यू.एस. ११३) ऑक्टोबर टर्म १८७६ चा, निकाल १ मार्च १८७७ चा, म्हणून त्याला दोन्ही सालं लावलेली सापडतात. निकालाचं साल द्या. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयाने खंड २ ते १०७ च्या तारखांची यादी करून संकेतस्थळावर ठेवली आहे, ती उतरवून घ्या.

मन खटल्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या अंगणातली गोष्ट. ‘जीवन म्हणजे केवळ पशुवत अस्तित्व नव्हे’ हे वाक्य आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या खरकसिंग खटल्यातून आपल्याकडे आलं आणि मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस निकालात (१९८५) पुन्हा भेटलं. मूळचं ते मन खटल्यातलं, न्यायमूर्ती फील्ड यांचं आहे, पान १४२. आणि फील्ड त्या खटल्यात अल्पमतात होते! आपल्या न्यायालयाने ते स्वीकारलं ही वेगळी गोष्ट, पण प्रबंधात ‘अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरतं. ‘फील्ड, विरोधी मत’ एवढं लिहायला काय जातं?

पानांबद्दल शेवटचं. पुनर्मुद्रणात मजकुराच्या मध्येच तारांकन आणि आकडा दिसतो, तो मूळ आवृत्तीचं पान त्या शब्दापासून सुरू झालं असं सांगतो. दाखला त्याच आकड्याचा द्यायचा, पानाच्या डोक्यावरच्या आकड्याचा नाही. वाक्य तारांकनाच्या अलीकडे असेल तर ते आधीच्या पानाचं. तारांकन नसलेली प्रत दिसली की दुसरी प्रत शोधा. पक्षकारांची नावं मात्र छापली तशीच ठेवा : ड्रेड स्कॉटमधला प्रतिवादी सॅनफर्ड होता, रिपोर्टमध्ये ‘सँडफर्ड’ छापलं गेलं, आणि आजही दाखला सँडफर्ड म्हणूनच देतात. सुधारायला गेलात तर शोधणाऱ्याला सापडणार नाही.

तुमच्या विद्यापीठाची स्वतःची संदर्भपद्धत असेल तर ती पाळा, मी अमेरिकेत चालते ती सांगतोय. त्या पद्धतीने तीन नोंदींऐवजी यादीत एकच येईल : मॅकलक विरुद्ध मेरीलँड, १७ यू.एस. (४ व्हीट.) ३१६ (१८१९). तळटिपेत त्याच ओळीत ३१६ नंतर स्वल्पविराम देऊन ४३१. आणि वेबस्टर यांचं वाक्य आवडलं असेल तर तेही ठेवा, पान ३२७, पुढे कंसात ‘वकिलांचा युक्तिवाद’.