सुई टोचली हे लपवू नकोस

तुला,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, की दोन आठवड्यांपूर्वी सुई टोचली, पण थेंबभरच रक्त आलं म्हणून कुणाला सांगितलं नाहीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

मीही हेच केलं होतं. रात्रपाळी, किडनी ट्रे आवरत होते आणि कापसाच्या बोळ्याखाली कुणीतरी वापरलेली सुई तशीच ठेवलेली. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका दिसला, बघता बघता पसरला. हात धुतला, नवा ग्लोव्ह चढवला, पुढच्या पेशंटकडे गेले. इन्चार्ज सिस्टर ओरडतील, एवढीच भीती होती. पुढे कित्येक महिने अंग जरा कसकसलं तरी काळजात धस्स व्हायचं.

टोचलं की बोट पिळत बसायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी पुरे. हातातलं काम दुसरीकडे सोपवून लगेच सांगायचं, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत सुरू व्हावं लागतं. 72 तास उलटले की ते देत नाहीत. कोर्स 28 दिवसांचा.

तुझी ती वेळ गेली, तपासण्यांची नाही. बाधित रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात 3 एवढीच. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी मात्र शंभरात 6 ते 30 जणांना होऊ शकतो. तुझे तिन्ही डोस झालेत, पण टायटर, म्हणजे लसीने रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का ते मोजणारी तपासणी, केलंस का? 10 च्या वर हवं. हिपॅटायटिस सीला लस नाही, पण वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो.

टोपण परत लावताना टोचली म्हणालीस. ती सवय मोडच, सुई सरळ शार्प्सच्या, म्हणजे सुया-ब्लेड टाकायच्या, डब्यात. पण डबा खाटेपासून लांब होता, आधीच काठोकाठ भरलेला होता, हा काही तुझा दोष नाही. पाऊण भरला की तो बदलायला हवा होता. हेही रिपोर्टमध्ये लिही, नाहीतर तो तिथेच राहील.

तारीख, वेळ, पेशंट कोण, सुई इंजेक्शनची की टाक्याची, आठवतंय तेवढं आज रात्रीच लिहून काढ. सकाळी पाळी सुरू होण्याआधी इन्चार्जकडे जा. एकटीला धीर होत नसेल तर फोन कर, मी येते सोबत.

तुझी ताई