विदर्भातल्या खेड्यातली मुलं कोणती कार्टून बघतात, काय खेळतात आणि कशावर हसतात?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याकडून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावरच्या शाळेत तुम्ही रुजू होताय. वर्ग चौथी ते सातवीचे आहेत, आणि मुलांशी बोलायला कार्टून, गेम, मीम यांतलं इथे काय चालतं ते आधी कळलं तर बरं. मॅडम, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. या विषयावर लोक एरवी ‘मोबाईलचं वेड कसं सोडवू’ एवढंच विचारतात. मी याच जिल्ह्यातला, कापूस-तुरीची शेती करणारा. घरात भाचे-पुतणे धरून पोट्टे, म्हणजे पोरं, भरपूर, आणि या तिन्ही गोष्टी मला स्वतःलाही मनापासून आवडतात. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे चित्रापेक्षा आवाज मोठा, हे आधी सांगून टाकतो. कार्टून कसं काढलंय, गेमचे ग्राफिक्स कसे आहेत, यावर इथे कुणी फारसं बोलत नाही. कोण कसं बोललं आणि त्याची हुबेहूब नक्कल कुणाला जमते, यावर सगळं ठरतं.

‘ओगी अँड द कॉक्रोचेस’च घ्या. मालिका फ्रान्सची, १९९८ची. मुळात तिच्यात संवादच नाहीत, नुसती पळापळ आणि आदळआपट. हिंदीत आणताना तिला आवाज दिले गेले, आणि ओगी हा बोका शाहरुख खानसारखा तर त्याचा भाऊ जॅक सनी देओलसारखा बोलायला लागला. मूळ मालिका ज्यांनी केली त्यांनी एक वाक्यही लिहिलं नव्हतं, पण आमच्या पोट्ट्यांना पानंच्या पानं पाठ आहेत. मूळ मालिका चांगलीच आहे, पण गावात जी पोचली ती या आवाजांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

डोरेमॉन या यंत्रमांजराचंही तेच. २००५ मध्ये तो हंगामा वाहिनीवर हिंदीत आला. सोनल कौशल या बाईंनी त्याला जो आवाज दिला तो ऐकतच इथली एक अख्खी पिढी मोठी झाली. त्यातला नोबिता हा पोरगा आळशी आहे म्हणून मुलं बिघडतात, अशी पालकांची तक्रार तुमच्या कानावर येईलच. मला ती पटत नाही. डोरेमॉनने पोतडीतून काढून दिलेल्या प्रत्येक वस्तूने नोबिताची शेवटी फजितीच होते, आणि हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं.

शिनचॅन मला त्याहून जास्त आवडतो. त्याचे चित्रकार योशितो उसुई यांनी तो मुळात मोठ्यांच्या मासिकासाठी काढला होता, त्यामुळे त्यातले काही विनोद लहानांसमोर नकोसे वाटतात, हे खरं आहे. २००८ मध्ये आपल्याकडे तो काही काळ बंदही झाला होता. पण ते घर बघा. बापाच्या डोक्यावर घराचं कर्ज, पायमोज्यांचा वास, भाजीच्या दुकानात आईची घासाघीस, महिनाअखेरची ओढाताण. जपानमधल्या कासुकाबे शहरातलं ते घर आमच्या गावातल्या पोराला परकं वाटत नाही, कारण कर्जावरून चाललेली आईबापाची बोलणी त्यानेही पांघरुणात पडून ऐकलेली असतात. डोरेमॉनच्या गोष्टीत एवढं खरं घर नाही.

छोटा भीम पहिली-दुसरीपर्यंत. पाचवीतल्या पोराला त्याचं नाव विचारलंत तर तो लाजेल. मोटू-पतलू जेवताना लावून ठेवायला ठीक.

या सगळ्याचा एक परिणाम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. पोट्टे खेळताना मधेच हिंदीत शिरतात. दोन बाहुल्या भांडायला लागल्या की त्या हिंदीत भांडतात. आमच्या भागाला हिंदी नवी नाही, नागपूर तर जुन्या मध्य प्रांताची राजधानी होतं. पण आताची ही हिंदी कार्टूनची आहे. तिचा मला राग नाही. वाईट याचं वाटतं की मुलांच्या मनातल्या गमतीच्या जागी मराठीला कुणी बसवलंच नाही. ‘डीमन स्लेयर’ या जपानी कार्टूनचा इन्फिनिटी कॅसल हा सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे लागला तो हिंदी, तमिळ, तेलुगूत. मराठीत नाही. माझ्या पुतण्याने विचारलं, ‘काका, आपल्यात काऊन (का) नाही आला?’ मराठी माणसाला हिंदी समजते म्हणून, हे उत्तर त्याला पटलं नाही, आणि मलाही पटत नाही.

माझ्या पिढीचं म्हणाल तर ‘जंगल बुक’. मालिका जपानी, दूरदर्शनवर १९९३ मध्ये हिंदीतून आली, शीर्षकगीत गुलजारांचं. मूळ गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगचं ते जंगल म्हणजे शिवनीचं, पेंचकडचं, आणि पेंचचा एक भाग आपल्या नागपूर जिल्ह्यात येतो. गोष्टीतली वैनगंगा पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतून वाहते. म्हणजे मोगली हा आमच्या शेजारचा पोरगा, पण हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. तुम्ही मात्र सांगा, नकाशा काढून सांगा. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. वाघ दिसला म्हटल्यावर बाया कापूस वेचायला वावरात जात नाहीत अशा या मुलखात तो आवाज ऐकून पोट्टे खरोखर गप्प बसायचे. आजही बसतात, मी लावून पाहिलंय.

आता गेम. मोठ्या पोरांत दोनच नावं, फ्री फायर आणि बीजीएमआय, दोन्ही मोबाईलवरचे लढाईचे गेम. पब्जी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, मग २०२१ मध्ये त्याचीच भारतासाठीची आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही काढला गेला आणि २०२३ मध्ये परतला. फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला तेव्हा पोट्टे फ्री फायर मॅक्सवर गेले. शहरात बीजीएमआयचा मान जास्त, पण खेड्यात फ्री फायर जास्त रुजला, त्याला कारण आहे. तो स्वस्तातल्या, कमी मेमरीच्या फोनवरही चालतो, आणि पन्नास खेळाडूंचा डाव दहाएक मिनिटांत आटोपतो. बीजीएमआयच्या मोठ्या नकाशावर शंभर जण उतरतात आणि अर्धा तास जातो. हातातलं काम सोडून अर्धा तास कोण देणार?

काम म्हणजे काय ते सांगतो. रब्बीत हरभऱ्याला ओलित, म्हणजे पाणी देणं, असतं, आणि शेतीची लाईन, म्हणजे वीज, काही दिवस रात्रीचीच मिळते. कॉलेजला जाणारे पोट्टे बापाबरोबर वावरात जातात. मोटार सुरू करायची, स्प्रिंकलर एका जागी काही तास चालू द्यायचे, मग काळोखात थंडगार पाइप उचलून पुढच्या जागी जोडायचे. मधल्या वेळात रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून जागल. एका रात्री मी पुतण्याच्या शेजारी मचाणावर बसलो होतो. चौघं मित्र चार वावरांत, कानात इअरफोन, एकच डाव. मधेच एकाचा आवाज आला, ‘थांबा बे, डुक्करं आले वावरात! मले कव्हर द्या, आलोच.’ पुढची दोन मिनिटं त्याची पत्र्याचा डबा बडवत केलेली आरोळी बाकी तिघांच्या कानात, आणि वाऱ्यावरून खरीखुरी आमच्याही कानावर. तिघांनी त्याच्या खेळाडूला भिंतीआड राखून धरलं. तो परतला, धापा टाकत ‘गेले’ म्हणाला, आणि डाव पुढे सुरू.

गेम एकलकोंडं करतात असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं. ओलिताची रात्र फार एकटी असते, साप-विंचवाची भीती असते, आणि चार आवाज कानात असणं हा मोठा आधार आहे. पोचिंकी हे बीजीएमआयच्या नकाशातलं गाव. आमच्याकडे ‘पोचिंकीले उतर’ असं म्हणतात ते आमच्या जिल्ह्यातल्या आर्णीले उतर म्हटल्यासारखं. एवढं ते आपलं झालंय.

पैसे लावायच्या गेमबद्दल मात्र माझं मत कडक आहे. त्यांना मी गेम म्हणतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते फार चांगलं झालं. पेरणीच्या पैशाला हात लागलेली घरं आमच्या भागात आहेत. वर्गात हा विषय निघालाच तर मोकळेपणी बोला, मुलांनी घरात पाहिलेलं असतं.

शेतीचे गेमही असतात, आणि शेतकरी असून मी ते आवडीने खेळतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६चा, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रांपासून संगीतापर्यंत सगळं केलेला. त्यात टीव्ही उद्याचं हवामान सांगतो आणि ते तसंच होतं. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचं किती सुख वाटतं ते लिहून सांगता येत नाही. ‘फार्मिंग सिम्युलेटर १९’मध्ये कापूस आला म्हणून पुतण्याने मित्राच्या लॅपटॉपवर मुद्दाम दाखवला. भलंमोठं यंत्र जातं आणि शेत साफ. आमच्याकडे बाया कमरेला ओटी बांधून ओळीने वेचतात, किलोवर मजुरी मिळते, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून निघतात. आणि सकाळपासून बोलणं चालू असतं: कुणाच्या सुनेचं, कुणाच्या दवाखान्याचं, मधेच एखादं गाणं. गेममध्ये फक्त इंजिनाचा आवाज होता. आई थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाया कोठी गेल्या?’

मीमबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. इंटरनेटवरचा विनोद शहरातून आला असं समजू नका. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. बैलजोड्या सजवून आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभ्या केल्या की कुणीतरी पुढे होऊन यमक जुळवलेल्या ओळी ठणकावतो: भाव पडला, सरपंच झोपला, पावसाने दगा दिला, जे त्या वर्षी घडलं असेल ते. सगळा गाव हसतो आणि शेवटची ओळ एका सुरात म्हणतो. मागे एका पोळ्याला आमच्याकडच्या एका पोराने म्हटलेली ही झडती:

टॉवर आला गावात, रेंज गेली रानात,
आजा बोले नातवाशी, ऐकू येईना कानात,
नातू चढला टाकीवर, मोबाईल घेऊन हातात,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

ताजा विषय, चार ओळी, कुणी रचली याची फिकीर नाही, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. मीम याहून वेगळं काय असतं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. तिच्याबरोबर बडगे असतात, वर्षभरातल्या संकटांचे आणि पुढाऱ्यांचे पुतळे, गळ्यात खरमरीत पाट्या. चित्र आणि खाली दोन शब्द. ही प्रथा एकोणिसाव्या शतकातली आहे.

म्हणून हॉलीवूडच्या प्रसंगांना वऱ्हाडी आवाज देऊन केलेले व्हिडिओ इथे एवढे चालतात, याचं मला नवल वाटत नाही. अंतराळवीर ‘काय करून रायला बे?’ म्हणतो तेव्हा मीही खळखळून हसतो. त्यातले चांगले कुठले ते ओळखायची माझी एक खूण आहे. वऱ्हाडी बोलणारा माणूस त्यात हुशार असेल, समोरच्याला निरुत्तर करत असेल, तर तो विनोद आमचा. नुसता ‘काऊन बे’ म्हणणारा बावळट उभा केला असेल, तर तो आमच्यावरचा. गाडगेबाबा याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी याच बोलीत लोकांना प्रश्न विचारून विचारून कीर्तनं केली. ती माणसंही हसायची, पण हसता हसता त्यांना उत्तर द्यावं लागायचं. त्या बोलीला कुणी अडाण्यांची बोली म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. वर्गात एखादं पोर ‘मले नाई समजलं’ म्हणालं तर हसू नका, आणि बाकीच्यांनाही हसू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. ‘टॉम अँड जेरी’चा एखादा जुना भाग घ्या, १९४० च्या दशकातला. त्यात बोलणं फारसं नसतंच. शाळेच्या टीव्हीवर आवाज बंद करून लावा, आणि दोन मुलांना पुढे बोलावून टॉम-जेरीचे आवाज द्यायला सांगा, आपल्या बोलीत. पहिल्या वेळी सगळे माना खाली घालतील. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या, वहीत मन नसलेल्या पोट्ट्याला टॉम द्या, आणि एखाद्या बडबड्या पोरीला जेरी. जेरी पोरगा आहे म्हणून कुणी हरकत घेतली तर घेऊ द्या. मी गणपतीत गावातल्या मुलांकडून हे करून घेतलं होतं. टॉमने थेट जेरीकडे मागच्या वर्षीच्या उसनवारीचा हिशोब मागितला आणि मांडवातले म्हातारेही पोट धरून हसले. तुमच्या वर्गातला टॉम काय बोलला ते इथेच खाली लिहा, मी वाट बघतो.