चाल कुणाची, ते आधी बघ

तबल्याऐवजी गिटार घेतलीस, लय थोडी उतरवलीस, एवढ्याने गाणं तुझं होत नाही. चाल दुसऱ्याची असेल तर ते कव्हरच, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची तुझी आवृत्ती, कितीही जीव ओतून गायलास तरी. (जीव ओतायचाच, त्यात कसूर नको.)

अभंग गाताना नवे गायक इथेच फसतात. 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' हे शब्द तुकोबांचे, म्हणजे सगळ्यांचे. पण लताबाईंच्या आवाजात आपण ऐकतो ती चाल श्रीनिवास खळ्यांची. खळेकाका २०११ साली गेले आणि आपल्या कायद्यात संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे इथे २०७१ अखेरपर्यंत टिकतो. तोच अभंग तू स्वतःच्या चालीत बांधलास, तर ती संगीतरचना तुझी. त्यांच्या चालीत गायचा असेल तर प्रसिद्ध करण्याआधी हक्कधारकाची परवानगी घे आणि संगीतकाराचं नाव ठळक लिही. नुसतं 'पारंपरिक' लिहिलेलं मला अजिबात खपत नाही.

ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. मूळ रेकॉर्डिंगमधून गायकाचा आवाज वगळून केलेला ट्रॅक वापरू नकोस. पेटी-तबला घेऊन नव्याने वाजवून घे.