धमन्यांत कॅल्शियम साचतं ते नेमकं कशामुळे? दूध बंद केल्याने थांबतं का?

वडिलांच्या सीटी स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम दिसलं, म्हणून तुम्ही त्यांचं दूध आणि नाचणी बंद केली आहे. किडनी ठणठणीत असेल तर त्याची गरज नाही. का, ते सांगतो.

गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसं हे कॅल्शियम आपोआप चढत नाही. धमनीच्या भिंतीतल्याच पेशी ते तिथे साठवायला लागतात. या अनैच्छिक स्नायूंच्या पेशींचं काम आकुंचन-प्रसरणाचं. पण सूज, मधुमेह, ऑक्सिडाइज झालेलं कोलेस्टेरॉल किंवा वाढलेलं फॉस्फेट यांचा मारा चालू राहिला, की पेशीत रंक्स-२ नावाचं जनुक जागं होतं. हे जनुक नसलेल्या उंदरात हाडच तयार होत नाही, इतकं ते हाडासाठी मूलभूत आहे. ते जागं झालं की पेशी आकुंचनाची प्रथिनं बनवणं कमी करते आणि हाडाच्या पेशीसारखी वागू लागते. हाड घडवण्याचा संदेश देणारं बीएमपी-२ हे प्रथिनही माणसाच्या धमन्यांत साचलेल्या चरबीच्या थरांत सापडलं, १९९३ साली.

मी प्रयोगशाळेत याच पेशी वाढवायचो. पोषक द्रवातलं कॅल्शियम तेवढंच ठेवून फक्त फॉस्फेट वाढवायचं. काही दिवसांनी अलिझरिन रेड हा कॅल्शियमला लाल रंगवणारा रंग टाकला, की साध्या द्रवातल्या पेशी फिक्या राहतात आणि शेजारच्या खळग्यात, वाढीव फॉस्फेटमधल्या पेशींवर, लालभडक ठिपके उमटतात. ते कॅल्शियम-फॉस्फेटचे साठे. फॉस्फेट पिट-१ या वाहक प्रथिनातून पेशीत शिरतं आणि हा बदल घडवायला मदत करतं. म्हणूनच किडनी निकामी झालेल्यांत, अगदी डायलिसिसवरच्या तरुणांतही, धमन्या लवकर कडक होतात.

मग आपल्या सगळ्यांच्याच धमन्यांचं हाड का होत नाही? कारण शरीराने ब्रेक ठेवलेत. पायरोफॉस्फेट, यकृतातून येणारं फेट्युइन-ए, आणि सगळ्यात महत्त्वाचं एमजीपी हे प्रथिन. १९९७ मध्ये उंदरांतून फक्त एमजीपीचं जनुक काढलं, तर त्यांच्या धमन्या कॅल्शियमच्या नळ्या झाल्या आणि दोन महिन्यांत महाधमनी फुटून बहुतेक दगावले. मला या विषयात ओढलं ते याच प्रयोगाने.

एमजीपी कामाला लागायला व्हिटॅमिन के लागतं. यावरून के-२ च्या गोळ्या जोरात विकल्या जातात. पण डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम असलेल्या पुरुषांना दोन वर्षं के-२ आणि डी देऊन पाहिलं. २०२२ मध्ये आलेल्या निकालात झडपेत कॅल्शियम साचण्याचा वेग कमी झालेला दिसला नाही. त्यामुळे मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही. वडील वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असतील तर के-२ मनाने मुळीच सुरू करू नका, त्या औषधाचा परिणाम बिघडतो.

त्यापेक्षा क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), फॉस्फेट, साखर आणि बीपी तपासून घ्या. किडनीचा त्रास निघाला तर दुधाचाही हिशेब आहारतज्ज्ञांकडून मांडून घ्यावा लागेल, पण तो दुधातल्या फॉस्फेटसाठी. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या खरंच हव्यात का, हे डॉक्टरांना विचारा. आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केल्यावर पुढच्या स्कॅनमध्ये कॅल्शियमचा आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. तेव्हा घाबरून गोळी बंद करू नका. मऊ, फुटू शकणारा थर घट्ट होतो, त्यातही कॅल्शियम वाढतंच, आणि हार्ट अटॅकचा धोका मात्र कमी होतो.